कस्टम्सच्या टेबलावर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

परदेश प्रवासाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. आधी एक खुलासा. विमानतळावर दोन वेगळी टेबलं असतात. इमिग्रेशनचा अधिकारी माणूस आणि त्याची कागदपत्रं पाहतो, कस्टम्सचा अधिकारी सामान पाहतो. पत्रांमध्ये या दोघांची फार सरमिसळ दिसते. दोघांचे कायदे वेगळे, प्रश्न वेगळे, आणि चुकलं तर होणारा परिणामही वेगळा.

प्रश्न : मुलगी दुबईला असते. नागपूरहून शारजाच्या विमानाने जाणाऱ्या ओळखीच्या कुटुंबासोबत दिवाळीचा फराळ, घरचा सावजी मसाला आणि संत्रा बर्फी पाठवायची आहे. काही अडचण येईल का? – वाचक भगिनी, महाल

बर्फीची नको, खसखशीची काळजी करा.

संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे. सिंगापूरमध्येही आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, त्यामुळे तिथले कायदे तिला किराण्यात धरत नाहीत, अंमली पदार्थांच्या यादीत धरतात. चमचाभर असली तरी तीच गत. आपल्याकडे ती कशाकशात असते ते आठवून पाहा : अनारशांची एक बाजू खसखशीवरच थापलेली असते, करंजीच्या सारणात ती भाजून घालतात, डिंकाच्या लाडवात असते, आणि सावजीच्या मसाल्यात खोबरं, दगडफूल यांच्या जोडीला वाटलेली असते. वाटल्यावर डोळ्यांना दिसत नाही, पण मसाल्याच्या पुडक्यावर घटक पदार्थ छापलेले असतील तर तिथे ती लिहिलेली असते. म्हणून बाजारचं पुडकं उलटून वाचा.

अनारसे तिळावर थापा. मसाला खसखस वगळून वेगळा कुटा, रस्सा दाट करायला मुलगी तिथे भाजलेलं डाळं किंवा ज्वारीचं पीठ वापरू शकेल. डबे भरण्यापूर्वी चाळणी, खलबत्ता, मिक्सरचं भांडं धुऊन घ्या, कारण खसखशीचे दाणे बारीक असतात आणि कडेला चिकटून राहतात. खाऊच्या बॅगेत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, तेही जाऊ देऊ नका. दुबईत पान आणि विड्याच्या पानांचे पदार्थ निषिद्ध यादीत आहेत, तर सिंगापूरमध्ये खायच्या तंबाखूवर सरसकट बंदी आहे.

आणि हे सगळं दुसऱ्या कुटुंबाच्या बॅगेतून जाणार आहे. तुमच्या डब्यात चूक राहिली तर जाब त्यांना द्यावा लागेल. डबे त्यांच्यासमोर उघडून दाखवा आणि त्यांच्यासमोरच बंद करा.

प्रश्न : भावाकडे न्यू जर्सीला जाते आहे. दोन डझन संत्री, थोडा गोडनिंब आणि भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ नेऊ का? लोक म्हणतात, ‘काही विचारत नाहीत, सरळ निघून जा.’ – वाचक भगिनी, प्रतापनगर

तिन्ही नेऊ नका. कारण सांगतो, कारण ते कळलं की अधिकाऱ्याचा राग येत नाही.

संत्र्याच्या झाडाला ‘ग्रीनिंग’ नावाचा रोग होतो. सिट्रस सायला ही बारीक कीड कोवळ्या पालवीवर बसते, रस शोषते आणि रोगाचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. काटोल, वरुड, मोर्शीच्या बागाइतदारांना सायला सांगावी लागत नाही. रोग एकदा झाडात शिरला की त्यावर इलाज नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ही कीड १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये आढळला. तिथलं संत्र्याचं उत्पादन त्यानंतरच्या दोन दशकांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरलं. गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, हा संत्र्याच्याच कुळातला असून सायलाच्या आवडत्या झाडांपैकी एक आहे. हिरव्या डहाळीवर तिची अंडी डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणून प्रवाशाच्या बॅगेतल्या दहा पानांनाही तिथे मज्जाव आहे. तांदळाचं कारण वेगळं आहे. खापरा नावाचा धान्यातला भुंगा पोत्याच्या शिवणीत वर्षानुवर्षं तग धरतो. ज्या देशांत तो आहे तिथून, म्हणजे भारतातूनही, प्रवाशाने सोबत तांदूळ आणायला अमेरिकेत मनाई आहे.

कोरडे कुटलेले मसाले, लोणचं, पापड, चहा, चिवडा हे साधारणपणे अडत नाही. मात्र ते जाहीर करायचंच. ‘खाण्याचे पदार्थ आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’, मग काय आहे ते सांगायचं. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, दंड होत नाही. न सांगता सापडली तर पहिल्या वेळीही १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ‘सरळ निघून जा’ म्हणणारे हा फरक सांगत नाहीत.

इतर देशांचं थोडक्यात : ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून दूध व मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे खव्याचे पेढे, खवा घातलेली बर्फी तिथे बाद. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबतीत सर्वांत कडक. तिथे खाण्याचं सगळं, लाकडी लाटणं, माती लागलेले बूटसुद्धा जाहीर करावे लागतात. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या एका सफरचंदासाठीही जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड लागतो. विमानात मिळालेलं फळ खाऊन संपवा किंवा आसनावरच सोडा. पर्समध्ये टाकून विसरलेलं फळ हेच दंडाचं नेहमीचं कारण.

बांधाबांध करताना खाण्याचं सगळं एकाच बॅगेत ठेवा आणि वर इंग्रजीत यादी ठेवा : पदार्थाचं नाव, कशाचा बनवला, वजन. घरच्या डब्यांवरही चिठ्ठी लावा. अधिकाऱ्याला पांढरी पूड दिसते, ती धिरड्याची भाजणी आहे हे त्याला चिठ्ठीवरूनच कळणार.

प्रश्न : मस्कतला लग्न आहे. इतवारीच्या सराफ्यातून घेतलेले आणि सासूबाईंकडून आलेले मिळून अठरा तोळ्यांचे दागिने नेणार आहोत. परत येताना ‘तिकडून आणले’ असं म्हणतील का? – एक दाम्पत्य, धरमपेठ

म्हणू शकतात, आणि तेव्हा ते इथलेच आहेत हे दाखवणं तुमच्याकडे येतं. त्यासाठी जातानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं असतं.

ते कुठे मिळतं यात नागपूरकरांचा नेहमी घोटाळा होतो. ज्या विमानतळावरून तुम्ही देश सोडता तिथे ते मिळतं. सोनेगावहून थेट परदेशी विमान असेल तर नागपूरलाच, मुंबईमार्गे जात असाल तर मुंबईत. एकाच तिकिटावर नागपूर-मुंबई-मस्कत असेल तर चेक-इनची बॅग बहुतेक वेळा नागपूरहून थेट मस्कतला लागते. दागिने त्या बॅगेत गेले तर मुंबईत दाखवायला हातात काहीच उरत नाही. म्हणून दागिने हातातल्या सामानातच ठेवा. चोरीच्या दृष्टीनेही तेच बरं.

सोबत पासपोर्ट, तिकीट, दागिन्यांची बिलं आणि प्रत्येक दागिन्याचा पांढऱ्या कापडावर काढलेला फोटो लागेल. जुन्या दागिन्यांची बिलं नसतात, त्यांच्यासाठी सरकारमान्य मूल्यमापकाचा दाखला आधीच करून घ्या. हा दाखला निघायच्या आदल्या दिवशी मिळेल अशा भरवशावर राहू नका. अधिकारी दागिना पाहतो, वजन नोंदवतो, वर्णन लिहितो. या कामासाठी तासभर जास्त धरा, रात्रीच्या गर्दीच्या विमानांना दोन.

वजन नेहमी ग्रॅममध्ये बोला. सराफाचा तोळा दहा ग्रॅमचा आणि जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्यामुळे सासूबाईंच्या चिठ्ठीतले ‘पाच तोळे’ आणि तराजूवरचं वजन जुळत नाही आणि उगाच शंका येते. मंगळसूत्र, ठुशी, मोत्यांचा तन्मणी यांत मणी-मोत्यांसह एकूण वजन किती आणि निव्वळ सोनं किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. बिलावर निव्वळ वजन आणि सर्टिफिकेटवर एकूण, अशी तफावत परतताना अडचणीची ठरते.

१ एप्रिल २०२३ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक सक्तीचा आहे. बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या अ‍ॅपवर तो टाकला की हॉलमार्किंगची नोंद दिसते. नव्या दागिन्याचा हा चांगला पुरावा आहे. फोटो काढताना भिंगातून त्या क्रमांकाचाही एक फोटो घ्या.

तिकडे नवीन सोनं घेतलं तर ते लपवू नका. वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्याला दागिन्यांची वेगळी सवलत आहे : स्त्रियांना ४० ग्रॅम, इतरांना २० ग्रॅम. आठ दिवस लग्नाला जाऊन येणाऱ्यांना ती लागू नाही. आणि नाणं, वळं, बिस्किट हे कुठल्याच मोफत सवलतीत बसत नाही, एक ग्रॅमचं असलं तरी. तिथले दुकानदार ‘इतकं चालतं’ म्हणून सांगतात, त्यावर विसंबू नका.

प्रश्न : मुलाकडून परत येताना आम्हा दोघांसाठी एक महाग फोन, एक लॅपटॉप आणि टीव्ही आणायचा विचार आहे. दोघांची सवलत एकत्र धरता येते का? – ज्येष्ठ वाचक, त्रिमूर्तीनगर

नाही. सवलत प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते, ती जोडता येत नाही. २०१६ च्या बॅगेज नियमांत विमानाने परतणाऱ्या रहिवाशासाठी ती ५०,००० रुपये होती, २ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ७५,००० आहे. समजा फोन १,४०,००० रुपयांचा आहे. तो एका प्रवाशाच्या नावावर धरला जाईल, त्याचे ७५,००० वजा होतील आणि उरलेल्या ६५,००० वर शुल्क लागेल. जोडीदाराचे ७५,००० या फोनला लागू होणार नाहीत, पण दुसऱ्या वस्तूला होतील. म्हणून एक फार महाग वस्तू आणण्यापेक्षा दोन मध्यम वस्तू दोघांच्या नावाने आणणं परवडतं. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाचा एक लॅपटॉप या हिशोबाच्या बाहेर, मोफत.

टीव्ही विसरा. एलईडी, एलसीडी, प्लाझ्मा टीव्ही सवलतीतून वगळलेले आहेत, त्यांच्या पूर्ण किमतीवर शुल्क लागतं. तसंच दोन लिटरपेक्षा जास्त मद्य आणि शंभरपेक्षा जास्त सिगारेटी.

तपासणी होते ती भारतात पहिल्यांदा उतरता तिथे. मुंबईत उतरून नागपूरचं विमान पकडत असाल तर मुंबईत बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टम्स पार करायचं आणि पुन्हा नागपूरसाठी द्यायच्या. यासाठी मधला वेळ तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका. शुल्क भरायचं असेल तर लाल मार्ग, नसेल तर हिरवा. ‘अतिथी’ या सरकारी अ‍ॅपवर घरूनच माहिती भरून ठेवता येते. बिल सोबत ठेवा, नाहीतर अधिकारी स्वतः किंमत ठरवतो. भरलेल्या शुल्काची पावती न घेता पुढे जाऊ नका. कुणी ‘थोडक्यात मिटवून देतो’ म्हणालं तर पावती मागा. पावती देता येत नसेल तर ते पैसे सरकारजमा होत नाहीत.

प्रश्न : बहिणीच्या हातातल्या दोन बांगड्या परतताना विमानतळावर काढून ठेवल्या. घाईत तीन-चार छापील कागदांवर सह्या घेतल्या. आता काय करता येईल? – वाचक, जरीपटका

हातात कोणता कागद आहे ते आधी पाहा. वस्तू ठेवून घेतली तर डिटेन्शन रिसीट मिळायला हवी. त्यावर वर्णन, वजन, तारीख, विमान क्रमांक असतो. पुढच्या प्रत्येक अर्जात हाच क्रमांक लागतो. ती नसेल तर लेखी अर्ज करून मागा.

आता सह्यांचं. कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम १२४ नुसार वस्तू जप्त करून सरकारजमा करण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. प्रवाशाने मागितलं तर ही नोटीस तोंडी असू शकते. प्रत्यक्षात छापील मजकुरावर सही घेतली जाते : ‘मला नोटीस नको, सुनावणीही नको.’ प्रवाशाला वाटतं सही केली की बांगड्या मिळतील. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशा प्रकरणांत स्पष्ट सांगितलं की छापील नमुन्यावर घेतलेली ही माघार कलम १२४ च्या कसोटीला उतरत नाही, आणि वस्तू सोडण्याचे आदेश दिले. तुमच्या कागदांत असा मजकूर असेल तर वकिलाला पहिल्यांदा तोच दाखवा.

वस्तू कलम ११० खाली जप्त झाली असेल तर सहा महिन्यांत नोटीस यायला हवी. वरिष्ठ अधिकारी लेखी कारण देऊन ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतात. मुदत टळली आणि नोटीस नसेल तर वस्तू परत मागायचा हक्क उभा राहतो. म्हणून जप्तीची तारीख कॅलेंडरवर लिहा. आदेश तुमच्याविरुद्ध गेला तर ६० दिवसांत कस्टम्स आयुक्तांकडे (अपील) जाता येतं, आणि बॅगेजच्या प्रकरणात त्यापुढे केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज तीन महिन्यांत. कलम १२५ खाली दंड आणि शुल्क भरून वस्तू सोडवून घेण्याचा पर्यायही असतो. सुनावणीसाठी दरवेळी त्या शहरात जायची गरज नाही. अधिकारपत्र देऊन वकील पाठवता येतो आणि ऑनलाइन सुनावणी मागता येते.

बहिणीच्या बांगड्या जुन्या, वापरातल्या असतील तर लग्नातले, सणावारातले फोटो शोधा. त्या हातात आधीपासून होत्या हे दाखवणारा तारखेसह फोटो बिलाइतकाच उपयोगी पडतो.

ज्यांच्यावर अशी वेळ अजून आलेली नाही त्यांच्यासाठी : न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, जबाब मराठीत स्वतःच्या हाताने लिहू द्या म्हणून सांगा. कलम १०८ खालचा जबाब पुढे पुरावा म्हणून वापरला जातो. अंगझडती होणार असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करण्याचा हक्क कलम १०२ देतं, आणि स्त्रीची झडती स्त्रीच घेऊ शकते. हे शांतपणे, एकदाच, पण स्पष्ट बोला. आवाज चढवून काही साधत नाही. सांगून दाखवलेल्या वस्तूवर शुल्क लागतं, न सांगता सापडलेल्या वस्तूवर जप्ती आणि दंड लागतो. वस्तू तीच, वजन तेच, पण कायद्याची कलमं वेगळी होतात.

प्रश्न : मुलीचं बाळंतपण करायला अमेरिकेला चालले आहे. व्हिसा आहे. तिथला अधिकारी काय विचारतो? इंग्रजी फार येत नाही. – वाचक भगिनी, मानेवाडा

‘बाळंतपण करायला’ हे आपल्या भाषेत अगदी बरोबर आहे, पण शब्दशः इंग्रजीत सांगितलं की अधिकारी दोन चुकीचे अर्थ काढू शकतो : एक, तुम्हीच प्रसूतीसाठी आलात, आणि दोन, तुम्ही बाळ सांभाळायचं काम करायला आलात. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. खरं ते असं सांगा : मुलीला भेटायला आले आहे, तिला बाळ होणार आहे, अमुक तारखेला परत जाणार आहे. यात काही लपवलेलं नाही आणि गैरसमजालाही जागा नाही.

प्रश्न चार-पाचच असतात. कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परतीचं तिकीट आहे का. मुलीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून हातात ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी तिथे संपते. विचारलं तेवढंच उत्तर द्या. इंग्रजी अडलं तर ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ म्हणा, दुभाषा मागता येतो. न समजलेल्या प्रश्नाला मान हलवून ‘येस’ म्हणणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बाजूच्या खोलीत बसवलं तर घाबरू नका, ती दुसरी तपासणी असते आणि अनेकदा फक्त कागद पडताळण्यासाठी असते. बाहेर आल्यावर मुलीला सांगून आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, ऑनलाइन पाहून घ्या. मुक्काम तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंतच, व्हिसाच्या तारखेपर्यंत नव्हे.

प्रश्न : वडिलांच्या औषधांच्या गोळ्या दुबईला किती नेता येतात? – वाचक, नंदनवन

रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्यांना अडचण नसते. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. गोळ्या काढून डबीत भरू नका. धोक्याची औषधं म्हणजे ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम, डायझेपाम, प्रीगॅबॅलिन. यांतलं काही असेल तर निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्या. चिठ्ठीत औषधाचं कंपनीचं नाव नको, घटकाचं नाव लिहून घ्या. गुडघेदुखीच्या, मज्जातंतूच्या गोळ्यांत यांतला एखादा घटक दुसऱ्यासोबत मिसळलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

प्रश्न : आमचा संघ बसने बोधगया, कुशीनगर करून सोनौलीमार्गे लुंबिनीला जाणार आहे. सोबत थायलंडहून दीक्षाभूमीला आलेले दोन भिक्खूही आहेत. कागदपत्रं कोणती? – वाचक, इंदोरा

भारतीय प्रौढांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांसाठीच चालतं, मधल्या वयाच्या माणसाला नाही. अर्धी बस इथेच अडते. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या. बससाठी सीमेपलीकडे ‘भन्सार’, म्हणजे नेपाळचं कस्टम्स, तिथे गाडीची कागदपत्रं दाखवून दिवसांनुसार पैसे भरून परवाना काढावा लागतो. मुक्काम एक दिवस वाढण्याची शक्यता असेल तर आधीच वाढीव दिवसांचा काढा.

भिक्खूंचं प्रकरण निराळं आहे आणि त्यात चूक झाली तर सुधारता येत नाही. तिसऱ्या देशाच्या नागरिकाने भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का सोनौलीच्या इमिग्रेशन कार्यालयातून घेतलाच पाहिजे, मग नेपाळचा व्हिसा. खुल्या सीमेवर बस थांबत नाही म्हणून लोक बसून राहतात आणि शिक्का राहून जातो. परत यायला त्यांचा भारतीय व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. ई-व्हिसा असेल तर प्रवेश ठरवून दिलेल्या ठिकाणांवरूनच मिळतो. सोनौली त्या यादीत आहे का, हे नागपुरातून निघण्याआधीच तपासा. नसेल तर त्यांना नेपाळहून विमानाने परत आणण्याचा बेत करावा लागेल, तोही त्यांच्या व्हिसात बसत असेल तरच.

प्रश्न : ताडोबाजवळ आमचं होमस्टे आहे. परदेशी पाहुण्यांना काय आणू नका म्हणून कळवावं? – वाचक, नागपूर-चंद्रपूर मार्ग

कॅमेरा, भिंगं, दुर्बीण यांना हरकत नाही. ड्रोन नको. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि व्याघ्रप्रकल्पात तो उडवता येत नाहीच. सोबत आलाच तर लाल मार्गाने जाऊन स्वतः सांगायचं. कस्टम्स कायद्याच्या कलम ८० खाली तो कस्टम्सकडे ठेवून परत जाताना मिळू शकतो. पण मुंबईत उतरून दिल्लीहून जाणाऱ्याला हा मार्ग फार अवघड पडतो, म्हणून घरीच ठेवलेला बरा. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने बंद आहे.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सॅटेलाइट फोन आणि डोंगरभटकंतीत वापरतात ते उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र. परवानगीशिवाय ते बाळगणं इथे गुन्हा आहे. युरोप-अमेरिकेत ते दुकानात सहज मिळतं, म्हणून पाहुण्यांच्या मनातही येत नाही, आणि विमानतळावर अटकेची वेळ येते. आरक्षणाच्या पहिल्याच ईमेलमध्ये हे वेगळ्या ओळीत लिहा.

प्रश्न : पुतण्या नववी पास आहे. एजंट म्हणतो, ‘व्हिजिट व्हिसावर कतारला पाठवतो, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ.’ – वाचक, कामठी

पाठवू नका. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआरची, म्हणजे ‘परदेशी नोकरीला जाताना तपासणी आवश्यक’ अशी नोंद असते. कतारसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा माणसाला सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते, आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून नोंदणीकृत एजंटमार्फत मिळते. व्हिजिट व्हिसाची पळवाट ही मंजुरी टाळण्यासाठी असते. इमिग्रेशनच्या टेबलावर परतीचं तिकीट, हॉटेल, खर्चाचे पैसे विचारतात, पोरगा गडबडतो आणि तिथूनच परत पाठवला जातो. एजंटचे पैसे गेलेले असतात. तिकडे पोहोचलाच तर त्याच्या हातात करार नसतो, विमा नसतो, आणि पगार अडला तर दाद मागायला कागद नसतो. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटवर स्वतः शोधा. तो नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर पासपोर्ट त्याच दिवशी परत घ्या.

प्रश्न : विमानतळावर कुणी ‘एवढी पिशवी घ्या, तिकडे माझा माणूस घेईल’ म्हणालं तर? – वाचक, सीताबर्डी

नाही म्हणा, नातेवाईक असला तरी. २०१९ मध्ये दोह्याला गेलेल्या एका भारतीय जोडप्याच्या सामानात नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यातून चार किलोहून जास्त चरस निघालं. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवरचा काळ तुरुंगात गेला. बॅगेत जे आहे ते तुमचं, हा नियम जवळपास सगळ्या देशांत आहे. कुणाचं सामान न्यायचंच असेल तर ते घरी, दिवसाउजेडी, प्रत्येक डबा आणि शिवण उघडून पाहून स्वतः भरा. विमानतळावर तर हात पुढे करूच नका.